चालता तांडा, बसलेलं दप्तर

मंठ्याकडून येणारा रस्ता देवगाव फाट्यावरून सेलूला उतरतो आणि पुढे पाथरी, सोनपेठ, परळी, अंबाजोगाई करत लातूर गाठतो. कागदावर त्याचं नाव राष्ट्रीय महामार्ग ५४८-ब. जिंतूरची गाडी धरायची तर माणसं देवगाव फाट्यावरच उतरतात. परभणी जिल्ह्यातला हा फाटा दिवाळी सरली की वेगळा दिसू लागतो. कोयते, पातेली, शेळ्या, गोधड्या आणि लेकरं घेऊन ट्रक-ट्रॅक्टर कारखान्यांच्या दिशेने निघतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांत सगळ्या जातीचे लोक असतात. पण जिंतूर-मंठ्याच्या माळरानावरून निघालेल्या गाडीत पाच-सहा घरं एकाच आडनावाची, राठोड नाहीतर चव्हाण, असली तर ती कुठल्या तरी तांड्यावरची, हे फाट्यावरच्या कुणालाही सांगावं लागत नाही.

तीन-चारशे वर्षांपूर्वी याच बंजाऱ्यांच्या बैलांवर दख्खनच्या फौजा जेवत होत्या. त्या काळाला तांड्यात ‘लदेणी’चा काळ म्हणतात. गोणी लादलेले हजारो बैल, मागे बायकापोरं, कुत्री, पालं, पुढे नायक. ही माणसं सतत चालत होती आणि चालणारा माणूस दप्तर ठेवत नाही. दप्तर ठेवतो तो एका जागी बसलेला: मुनीम, कारकून, फौजदार, जनगणनेचा अधिकारी. बंजाऱ्यांविषयी जे काही लिहिलेलं सापडतं ते या बसलेल्या माणसांनी आपापल्या गरजेपोटी लिहिलं. कुणाला धान्य हवं होतं, कुणाला भीती वाटत होती, कुणाला रकाना भरायचा होता. आणि आज त्यांच्या पणतवंडांना आपण कोण हे सिद्ध करायचं तर नेमकी तीच कागदं काढावी लागतात.

पहिली ठळक नोंद परक्या प्रवाशांची आहे. १६३२ मध्ये पीटर मंडी हा इंग्रज कंपनीचा नोकर आग्र्याहून पाटण्याकडे चालला होता. वाटेत त्याला एक तांडा भेटला. बैल चौदा हजार, सगळ्यांवर धान्य. तांडा आणि नायक हे दोन्ही शब्द त्याने आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले. हे लोक माल स्वस्त असेल तिथे घेतात, महाग असेल तिथे विकतात आणि घरदार बरोबर घेऊन फिरतात, हेही त्याने लिहिलं. शतक उलटायच्या आत फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए दख्खनमधून फिरला. बैलांच्या या रांगा इतक्या लांब की अरुंद वाटेवर गाठ पडली तर गाडीवाल्या प्रवाशाला दोन-दोन, तीन-तीन दिवस बाजूला थांबून राहावं लागे, असं तो सांगतो. हायवेवर ऊसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलेल्या माणसाला या तक्रारीतला सूर ओळखीचा वाटेल.

हे शक्य कसं होई, याचं गणित साधं आहे. गाडी नाही म्हणून रस्ता लागत नाही. बैल वाटेत चरतो म्हणून वैरणीचा खर्च नाही. दिवसाला सहा-सात मैलांची चाल. त्यामुळे नाशवंत माल नेता येत नाही, पण धान्य, डाळ, मीठ नेता येतं. कोकणपट्टीकडून मीठ वर यायचं, वरून धान्य खाली जायचं. या सगळ्याला दोनच गोष्टी लागत, वाटेवर पाणी आणि वाटेवर गवत. ही दोन नसली तर लदेणी उभीच राहत नाही.

आता त्या प्रसिद्ध ताम्रपटाकडे येऊ. शाहजहानच्या दख्खन मोहिमेत, १६३० च्या सुमारास, भंगी आणि जंगी या दोन राठोड नायकांचे एक लाख ऐंशी हजार बैल वजीर आसफखानाच्या फौजेबरोबर होते. भगवानदास वडतियाचे बावन्न हजार होते, अशी परंपरा सांगते. त्या वेळी भंगी-जंगींना सोन्याच्या अक्षरांचा तांब्याचा पत्रा मिळाला. त्यातला आशय असा: कुणाच्याही रांजणातलं पाणी घ्या, कुणाच्याही छपराचं गवत घ्या, दिवसाला तीन खून माफ, कारण जिथे आसफजाहचे घोडे, तिथे भंगी-जंगींचे बैल. हा मजकूर आपल्यापर्यंत छापील रूपात आणला कंबरलेज नावाच्या अधिकाऱ्याने. तो वऱ्हाडात, वणीकडे पोलीस खात्यात होता. त्याची बंजाऱ्यांवरची पुस्तिका १८८२ सालची. पत्रा हैदराबादेत भंगी नायकाच्या वंशजांकडे होता, असं तो लिहितो. पुढे १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींच्या ग्रंथात ते उचललं आणि तिथून ते सगळीकडे पसरलं.

हा पत्रा पोलिसाच्या पुस्तकातून आपल्याकडे आला, हे विसरू नये. दरोड्यांचा तपास करणाऱ्या माणसाच्या कानाला ‘तीन खून माफ’ हेच मोठं वाटणार. लदेणीच्या दृष्टीने पाहिलं तर खरी सनद आधीच्या दोन ओळींत आहे: पाणी आणि गवत. बाकीचा भाग दरबारी थाटाचा. पुढच्या शंभर वर्षांत बंजाऱ्यांवर लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने मात्र खुनांचीच ओळ आधी घेतली. आसफजाह ही आसफखानाची पदवी पुढे निजाम घराण्याचीही झाली; त्यामुळे निजामाच्या मुलखातल्या तांड्यांना तो पत्रा आपल्याच सरकारचा वाटला, यात नवल नाही.

हैदराबादेत तारनाक्याला जे पुराभिलेखागार आहे, तिथे शाहजहान आणि औरंगजेब यांच्या दख्खनमधल्या कारभाराची दीड लाखाहून जास्त फारसी कागदपत्रं आहेत. मनसबदारांच्या हजेऱ्या, जहागिरींचे हिशोब, घोड्यांची चेहरेपट्टी. एकेका घोड्याचा रंग, कपाळावरचा ठिपका, पायाचा पांढरा डाग, डागणीची खूण हे सगळं कारकुनाने उतरवून घेतलेलं, कारण एकच घोडा दोन सरदारांनी दोनदा दाखवला तर सरकारचा तोटा. बैलांची अशी चेहरेपट्टी ठेवायचं सरकारला कारण नव्हतं. बैल नायकाचे, माल नायकाचा, जोखीमही त्याचीच. सरकारने फक्त भाव चुकता करायचा. घोडा दप्तरात आला आणि बैल बाहेर राहिला, याचं कारण एवढंच.

इंग्रज-मराठा युद्धात दप्तर बैलांविषयी एकदम बोलू लागतं. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने अहमदनगर घेतलं आणि तो गोदावरीकाठी आला. राक्षसभुवनच्या मुक्कामावरून त्याने लिहिलेली पत्रं छापून निघाली आहेत. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याच्या सहकाऱ्याने, कर्नल स्टीव्हन्सनने, जालना घेतलं आणि २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. शाळेत आपण लढाई शिकतो. वेलस्लीच्या पत्रांत मात्र लढाईपेक्षा पोटाची काळजी जास्त: तांदूळ किती दिवसांचा उरला, बैल किती मेले, आणि ‘ब्रिंजारी’, म्हणजे बंजारे, कुठवर आले. भाव चढवतात म्हणून तो त्यांच्यावर चिडतो, आणि ते आले नाहीत तर पुढे हलता येत नाही हेही मान्य करतो. तांडे एका बाजूचे नव्हते. शिंदे-भोसल्यांच्या छावणीतही त्यांचंच धान्य जाई. दोन्ही फौजांना त्यांची गरज असल्याने त्यांना लुटायचं नाही, हा अलिखित नेम दोन्हीकडे बऱ्यापैकी पाळला जाई. जालना, मंठा, परतूर, जिंतूर हा सगळा टापू त्या धान्याच्या वाटांवरचा. पुढे साताऱ्याचा रेसिडेंट झालेला आणि फेरिश्ताचा अनुवाद करणारा जॉन ब्रिग्ज याने बंजाऱ्यांच्या उत्पत्ती आणि रीतिरिवाजांवर जो निबंध लिहिला, तो १८१९ मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात छापून आला. ब्रिग्ज लष्करी माणूस होता. ज्यांच्यावर फौज जगते ते लोक कोण, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. त्यामुळे त्याच्या लिखाणात कुतूहल आहे, संशय कमी आहे. साठ वर्षांनी कंबरलेज लिहितो तेव्हा हे प्रमाण उलटं झालेलं असतं.

मधल्या साठ वर्षांत काय झालं? रेल्वे झाली. १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोचली आणि वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून उतरला. मिठाच्या व्यापारावर सरकारी जकातीचा फास आवळला. निजामाच्या मुलखात हे थोडं उशिरा झालं. मनमाड, औरंगाबाद, जालना, परतूर, सेलू, परभणी, नांदेड असा गोदावरी खोऱ्याचा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला, आणि तो सुरू होत असतानाच विक्रम संवतातला छप्पन्नचा दुष्काळ पडला. पूर्वी दुष्काळ म्हणजे लदेणीचा हंगाम असे: जिथे पिकलं तिथून जिथे नाही तिथे. या खेपेला धान्य रुळांवरून आलं आणि चाऱ्याविना बैल मेले. सेलूच्या स्टेशनात मालगाडी थांबू लागली आणि जिंतूरच्या डोंगराकडेचे तांडे कायमचे थांबले. कुणी पडीक जमीन फोडली, कुणी जंगलतोडीला गेलं, कुणी गुरांचा बाजार धरला.

चालणं थांबलं, पण चालणाऱ्यांबद्दलचा संशय थांबला नाही. उलट आता त्याला कायदा मिळाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरवायची सोय केली, १९११ आणि १९२४ मध्ये तो आणखी कडक झाला. वेगवेगळ्या प्रांतांत बंजाऱ्यांची नावं त्या याद्यांत चढली. त्या काळातलं लिखाण वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. आधीच्या कागदांत ‘किती बैल’ हा प्रश्न होता. नंतरच्या कागदांत ‘काल रात्री कुठे होता’ हा आहे. माणसं तीच, रकाना बदलला.

हैदराबाद संस्थानात १८८१ पासून जनगणना होऊ लागली. त्यानंतर संस्थानाचं गॅझेटियर आलं, १९०९ सालचं, आणि १९२० मध्ये सय्यद सिराज उल हसन यांचा निजामाच्या राज्यातल्या जाती आणि जमातींवरचा जाडजूड ग्रंथ आला. आज मोर्चांतल्या भाषणांत ‘हैदराबाद गॅझेट’ म्हणतात तेव्हा ही सगळी पुस्तकं एकाच नावाखाली येतात. सिराज उल हसन यांनी बंजाऱ्यांना चांगली पानं दिली आहेत. मथुरा, लभाण, चारण, ढाडी असे भेद दिले आहेत. लग्नाचे विधी, गोत्रं, देवदेवता, नायकाचा अधिकार सगळं आहे. पुस्तक अक्षरानुक्रमाने लावलेलं असल्याने त्यात आंध आहेत, बंजारा आहेत, भिल्ल आहेत आणि ब्राह्मणही आहेत. कोण जात आणि कोण जमात याचा निवाडा करायला ते लिहिलेलंच नव्हतं. शंभर वर्षांनी त्याच्याकडून निवाडा मागितला जाईल, हे त्या लेखकाच्या स्वप्नातही आलं नसेल.

निवाडा मागण्याची वेळ आली ती संविधानाच्या याद्यांमुळे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्रात गेलं, कन्नड जिल्हे म्हैसूरला. बंजारेही तीन ठिकाणी वाटले गेले आणि तीन वेगवेगळ्या रकान्यांत बसले. कर्नाटकात ते अनुसूचित जातीत. महाराष्ट्रात विमुक्त जातींत. २१ नोव्हेंबर १९६१ च्या निर्णयातल्या यादीत चौदा विमुक्त जाती होत्या, त्यांत बंजारा आहेत आणि त्या गटाला तीन टक्के आरक्षण आहे. तेलंगणातले लंबाडे मात्र १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने अनुसूचित जमातीत गेले. एकाच नात्यागोत्यातली, एकमेकांना पोरी देणारी-घेणारी माणसं. किनवटच्या पलीकडे आदिवासी, अलीकडे विमुक्त. योगायोग असा की १९६३ पासून १९७५ पर्यंत, महाराष्ट्राचा सर्वांत दीर्घकाळचा मुख्यमंत्री पुसदजवळच्या गहुलीचा बंजारा होता. वसंतराव नाईक पायउतार झाले आणि दोन वर्षांच्या आतच शेजारच्या राज्यात ती दुरुस्ती झाली.

या दुरुस्तीची दुसरी बाजू सांगितली नाही तर गोष्ट अर्धी राहील. १९४० मध्ये आदिलाबादेत कोमुरम भीम मारला गेला, त्यानंतर निजाम सरकारने ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांना गोंडांचं दुखणं समजून घ्यायला बोलावलं. त्यांची छायाचित्रं आणि चित्रफिती आज लंडनच्या सोअॅस या संस्थेत जपलेल्या आहेत. गोंडांच्या जमिनी बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांच्या हातात कशा गेल्या, याचा त्यांनी पाठपुरावा केला. त्या बाहेरून आलेल्यांत मराठी कुणबी होते, व्यापारी होते आणि बंजारेही होते. १९८२ च्या पुस्तकात त्यांनी स्पष्ट लिहिलं की लंबाडे यादीत आल्यावर महाराष्ट्रातून बंजारा कुटुंबं आदिलाबादेत येऊ लागली आणि गोंडांचा वाटा आणखी कमी झाला. म्हणजे एका दुर्बळाची नोंद दुसऱ्या दुर्बळाच्या जमिनीवर चढली. परभणीच्या जुन्या हद्दीत, आता हिंगोलीत असलेल्या कळमनुरीकडे आंध आदिवासी आहेत. ते ही गोष्ट विसरलेले नाहीत.

इथे जगाच्या दुसऱ्या टोकाचं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. कॅनडात मेटी नावाचा समाज आहे. फ्रेंच आणि स्कॉटिश फर-व्यापारी आणि तिथल्या मूळनिवासी बायका यांच्या वंशातून अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तो उभा राहिला. रेड रिव्हर खोऱ्यातल्या त्यांच्या लाकडी गाड्यांच्या रांगा रानरेड्यांचं सुकवलेलं मांस आणि व्यापारी माल घेऊन मैदानं ओलांडत. हडसन बे कंपनीची ठाणी त्या मांसावर जगत, जशी इथली छावणी तांड्याच्या धान्यावर. तिथेही रेल्वे आली आणि गाड्या थांबल्या. १८७० मध्ये तो प्रदेश कॅनडा सरकारकडे गेल्यावर मेटींना जमिनीचे हक्क ‘स्क्रिप’ नावाच्या कागदावर देण्यात आले, १६० किंवा २४० एकरांचा नाहीतर तितक्याच डॉलरांचा. बहुतेक कागद सट्टेबाजांनी कवडीमोलाने घेतले. १८८५ मध्ये त्यांचा पुढारी लुई रियेल फासावर गेला.

पण स्क्रिप मागताना प्रत्येकाला शपथपत्र द्यावं लागे. आईबापाचं नाव, जन्म कुठे झाला, लग्न कुणाशी, लेकरं किती. दुभाष्यामार्फत सांगितलेलं आणि खाली अक्षराऐवजी फुलीची खूण. ही शपथपत्रं आज ओटावाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, कंपनीचं दप्तर १९९४ मध्ये मॅनिटोबा प्रांताला दान मिळालं. जी कागदं जमीन काढून घेताना तयार झाली, त्यांवरूनच आता मेटी आपली वंशावळ लावतात. १९९३ मध्ये पॉवली बाप-लेकाने सू सेंट मेरीजवळ परवान्याविना एक मूस मारला; खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००३ मध्ये न्यायालयाने मेटी कोण हे ठरवायच्या कसोट्या घालून दिल्या. माणूस स्वतःला मेटी म्हणतो का, पूर्वजांशी नातं दाखवता येतं का, आणि त्या समाजाने त्याला आपलं मानलं आहे का. शिवाय त्या भागात युरोपियनांचा पक्का अंमल बसण्यापूर्वी तो समाज तिथे होता का, हेही पाहायचं.

आपल्याकडच्या कसोट्या वेगळ्या आहेत. १९६५ च्या लोकूर समितीने जमात ओळखायला पाच खुणा दिल्या: आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, बाहेरच्यांशी संपर्काला बुजणं आणि मागासपणा. बंजाऱ्यांना या पाचांपैकी वेगळी संस्कृती कुणी नाकारत नाही. फेटिया, कांचळी, हातभर चुडा, गोरबोली, नसाब पंचायत सगळं डोळ्यांसमोर आहे. पण ‘बुजणं’? ज्यांचा धंदाच अनोळखी मुलखात जाऊन अनोळखी माणसाशी भाव करायचा, त्यांना ही अट कशी लावायची? आदिवासी संघटना नेमकं हेच म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात दम आहे. तांड्यांचं म्हणणं असं की हीच पाच खुणांची फुटपट्टी तेलंगणात लागली तेव्हा आमचे सोयरे बसले, मग आम्ही का नाही? त्यातही दम आहे. माझ्या मते खोट फुटपट्टीत आहे: ती जंगलात एका जागी राहणाऱ्या माणसाच्या मापाने कापलेली आहे.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती मराठा-कुणबी नोंदी शोधायला लागली आणि मराठवाड्यातली तहसीलची कपाटं उघडली. मोडी वाचणाऱ्यांना आणि उर्दू वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना एकदम भाव आला. २ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणारा निर्णय काढला. त्याच महिन्यात बंजारा समाजाचे मोर्चे जालना-बीडसारख्या जिल्ह्यांच्या ठिकाणी निघाले: गॅझेट मराठ्यांना लागू तर आम्हालाही लागू, आम्हाला अनुसूचित जमातीत घ्या. लागलीच आदिवासी संघटनांचे विरोधी मोर्चे निघाले. शंभर वर्षं धूळ खाणारी पुस्तकं ट्रॅक्टरवरच्या फ्लेक्सवर आली.

मोर्चा जिल्ह्याला जातो, पण खरी कसरत तालुक्यात होते. जात पडताळणीला तारखांचा उंबरठा आहे. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. त्या तारखेआधी बाप नाहीतर आजा इथे राहत होता याचा कागद हवा. आता १९५० मधला तांडा डोळ्यांसमोर आणा. तो महसुली गाव नाही. मूळ गावाच्या शिवारात, गायरानात, दहा-वीस झोपड्या. नाव नायकाचं, आणि नायक बदलला की तांड्याचं नाव बदलतं. १९५४-५५ चं खासरा पत्रक हा मराठवाड्यातला हुकमी कागद. पण ज्याच्या नावावर जमीन नाही त्याचं नाव खासऱ्यात कुठून यावं? निजामी नक्कल मिळाली तर त्यात नाव ‘रामा वल्द हरी’ एवढंच, साल फसली, म्हणजे १३५७ लिहिलं असेल तर ते १९४७-४८. आडनाव नाही. पुढे शाळेत मास्तरांनी लेकाला राठोड लावलेलं, नातवाला जाधव, कारण कुणी गोत्र सांगितलं, कुणी पाडा. आणि शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर! तिथे निम्म्या पोरांची जन्मतारीख १ जून. जातीच्या रकान्यात एका पानावर ‘लमाण’, दुसऱ्यावर ‘बंजारा’, तिसऱ्यावर ‘लंभाणी’, चौथ्यावर नुसतं ‘हिंदू’. मास्तर बदलला की जात बदलली. एकाच घरातल्या तीन भावांचे तीन उतारे घेऊन समितीपुढे उभं राहिल्यावर जी उलटतपासणी होते, ती सोसायला वकील लागतो आणि वकिलाला उचल लागते. ती ऊसतोडीच्या मुकादमाकडून येते.

तांड्याचं स्वतःचं दप्तर नाही असं मात्र नाही. लग्नात ढाडी आणि भाट गोत्रांची मालिका म्हणतात; कोण कुणाचा सोयरा होऊ शकतो हे त्यावरूनच ठरतं. त्यात चूक चालत नाही, कारण चूक झाली तर सोयरीक मोडते. नायक, कारभारी आणि जुनी माणसं नसाबीला बसली की तीस वर्षांपूर्वीचा तंटा कुणाच्या साक्षीने मिटला ते तोंडपाठ सांगतात. कंबरलेजच्या पुस्तिकेत हाटड्या बैलाचं वर्णन आहे: देवाला सोडलेला, रंगीत झूल आणि कवड्या मिरवणारा, त्याच्या पाठीवर ओझं कधी नाही, तो बसेल तिथे मुक्काम. आज बैल गेला, पण फेटियावरच्या कवड्या आणि आरसे बायकांनी टाकलेले नाहीत. वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला, सेवालाल महाराजांच्या समाधीजवळ, ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय उघडलं. हे सगळं पाहायला लोक गर्दी करतात. पडताळणीच्या टेबलावर मात्र यातलं काही चालत नाही.

भाषेचंही तेच. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी आपली मातृभाषा म्हणून सांगणारे तीस लाखांहून जास्त निघाले आणि त्यांची बेरीज हिंदीत झाली. परभणीत जे पोर घरी गोरबोली, शाळेत मराठी आणि टोळीवर मुकादमाची बोली बोलतं, ते सरकारी हिशोबात हिंदी भाषक.

पुढची जनगणना ठरली आहे. तिच्यात प्रत्येकाची जात विचारली जाणार आहे, स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच. संदर्भ तारीख १ मार्च २०२७, आणि माणसं मोजायचं काम फेब्रुवारीत. फेब्रुवारीत ऊसाचा हंगाम ऐन भरात असतो. देवगाव फाट्यावरून दिवाळीनंतर गेलेले ट्रक तोवर परतलेले नसतात, आणि तांड्यावर म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि कुलूप लावलेली घरं उरलेली असतात. टोळ्यांना पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, उसाच्या फडात, कोपीपुढे मोजलं जाईल. जातीचा रकाना तिथला प्रगणक भरेल, आणि तो कर्नाटकात असेल तर तिथल्या यादीत बंजारा अनुसूचित जातीत आहेत.